बीटी वांग्याची जनसुनावणी : परवानगीनंतर विचारलेला प्रश्न

जनुकीय बदल केलेल्या पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखा आणि त्याआधी राज्ये, शेतकरी, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी बोला, असे सर्वोच्च न्यायालयाने 23 जुलै 2024 रोजी केंद्र सरकारला सांगितले. प्रकरण डीएमएच-11 या मोहरीच्या वाणाचे होते. तिच्या परवानगीवर न्या. नागरत्ना आणि न्या. करोल यांचे एकमत झाले नाही. सल्लामसलतीच्या मुद्द्यावर मात्र झाले. हा आदेश समजून घ्यायचा तर बीटी वांग्याकडे, म्हणजे मातीतल्या जिवाणूचे अळीमारक जनुक घातलेल्या वांग्याकडे, जावे लागते. या देशात अशा पिकाबद्दल सामान्य माणसाला शहरोशहरीच्या सभेत मत विचारले गेले ते वांग्याच्याच वेळी.

वांगे लावणाऱ्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पतंग पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर अंडी घालतो. अळी शेंड्यात शिरली की शेंडा मान टाकतो, फळात शिरली की बारीक भोक तेवढे दिसते. एकदा आत गेलेल्या अळीला फवारा लागत नाही. म्हणून ती आत जायच्या आधी गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा फवारणी होते, अगदी तोडणीच्या तोंडावरसुद्धा. हे औषध आपल्याच पोटात जाते. बीटी वांग्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता आणि विरोध करणाऱ्यांनीही तो हलक्यात घेऊ नये.

हे वांगे तयार केले जालन्याच्या महिकोने. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये सुरू केलेली ही बियाणे कंपनी. मातीतल्या एका जिवाणूतले क्राय1एसी हे जनुक वांग्यात घातले, की झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करते. याच जनुकाच्या कपाशीला 26 मार्च 2002 रोजी परवानगी मिळाली होती, तीही महिकोच्याच तीन संकरित वाणांना. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी असल्याचे उघड झाले होते. म्हणजे बियाणे पुढे आणि नियम मागे, हा क्रम सुरुवातीपासूनचा.

नियम होते 1989 चे, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यांत समित्या आहेत, चाचण्यांच्या परवानग्या आहेत. लोकांना विचारण्याची तरतूद नाही. भारताने 2003 मध्ये कार्टाजेना जैवसुरक्षा करार मान्य केला. निर्णय घेताना जनतेशी सल्लामसलत करावी, असे त्या कराराचे 23 वे कलम सांगते. आपले नियम मात्र होते तसेच राहिले.

जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने 14 ऑक्टोबर 2009 रोजी बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लगेच अंमलबजावणी न करता समितीचा अहवाल लोकांसमोर ठेवला, हरकती मागवल्या आणि 13 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2010 या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, हैदराबाद, नागपूर, चंदीगड आणि बंगळूर इथे सुनावण्या घेतल्या. सभा तापल्या. शेतकरी दोन्ही बाजूंनी बोलले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही शेतकरी संघटनेची भूमिका महाराष्ट्राला आधीपासून माहीत होती. बियाण्यांवर कंपन्यांची पकड बसेल ही भीतीही तितकीच खरी होती. ज्या राज्यांनी उत्तरे पाठवली त्यांचा सूर सावधगिरीचा होता.

9 फेब्रुवारी 2010 रोजी रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. त्यांच्या निर्णयाची कारणे आजही वाचण्यासारखी आहेत. सुरक्षिततेच्या चाचण्या मुख्यतः उत्पादकानेच केल्या किंवा करवून घेतल्या होत्या, स्वतंत्र सरकारी प्रयोगशाळेचा आधार नव्हता. उंदरांना खाऊ घालण्याचा मुख्य प्रयोग 90 दिवसांचा; आपण वांगे आयुष्यभर खातो. शिवाय वांग्याची जन्मभूमीच ही. कृष्णाकाठची वांगी, खानदेशातली भरिताची वांगी, उडुपीचे मट्टू गुळ्ळ अशा असंख्य वाणांत परागकणांवाटे नवे जनुक शिरले तर काय, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. बीटी वांगे घातक असल्याचे त्या निर्णयात सिद्ध केलेले नाही, ही गोष्ट दोन्ही बाजू सोयीने विसरतात. स्थगिती होती ती स्वतंत्र अभ्यास होऊन लोकांचा विश्वास बसेपर्यंत.

पुढच्याच महिन्यात गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने त्याच क्राय1एसीला दाद देणे सोडल्याचे खुद्द मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने मान्य केले. कपाशीच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची वेगळी पुडी येत असे, 450 ग्रॅमच्या जोडीला 120 ग्रॅम. ती कडेने लावायची, म्हणजे तिच्यावर वाढलेल्या साध्या अळ्यांमुळे प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. बहुतेकांनी ती लावलीच नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. तिचे कारण त्याला समजावून सांगणारे कुणी बांधावर आलेच नाही. 2017 मध्ये दोन जनुकांच्या कपाशीतही विदर्भ-मराठवाड्यात बोंडे किडली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले.

मला खटकते ती स्थगिती नाही, तिच्यानंतरची वर्षे. 2012 मध्ये संसदीय समितीने कडक अहवाल दिला. 2013 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या बहुमताने, ज्या पिकांचे मूळ भारतात आहे ती आणि तणनाशक सहन करणारी पिके नकोत, असे सांगितले. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक त्याच वर्षी लोकसभेत आले आणि लोकसभेचीच मुदत संपून बाद झाले. ज्या स्वतंत्र अभ्यासासाठी वांगे थांबवले, त्याचा ठोस निकाल लोकांसमोर आला नाही. तिकडे बांगलादेशाने ऑक्टोबर 2013 मध्ये तेच जनुक असलेल्या चार वाणांना परवानगी दिली आणि फवारणीचा खर्च घटल्याचे तिथल्या अभ्यासांत नोंदले गेले. ते आकडे आपल्याकडे कुणी तपासून मांडले असते, तर वाद निदान पुढे सरकला असता.

पोकळी चोरबीटीने भरून काढली. तणनाशक सहन करणारे विनापरवाना कपाशीचे बियाणे विदर्भात पाकिटावर धड नाव नसताना विकले जाते. फसवणूक झाली तर तक्रार करायची सोय नाही, कारण पावतीच नसते. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. या कपाशीची सरकी तेलाच्या घाण्यात जाते, पेंड गुरांपुढे जाते, तरी 'भारतात जीएम (जनुकीय बदल केलेले) अन्न नाही' हे वाक्य अजून छापले जाते.

आता जनुक संपादनाची, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत फेरफार केलेली, पिके आली आहेत. बाहेरचे जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना केंद्राने मार्च 2022 मध्ये 1989 च्या नियमांतल्या मुख्य तरतुदींतून वगळले आणि मे 2025 मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. ते कदाचित पूर्ण सुरक्षित असतील. पण त्यांच्यासाठी नागपूरसारखी एकही सुनावणी झाली नाही, आणि ती घेणे आजही कुठल्याच नियमाने बंधनकारक नाही.