एचपीव्ही आणि रक्ततपासणी : एका चाचणीची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लग्नाआधीच्या तपासण्यांसाठी आलेल्या तरुणांना हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांचे निदान रक्तातून होते हे ठाऊक असते. त्यामुळे एचपीव्हीचेही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचेही, तसेच होत असेल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही वाट फार उशिरा मोकळी झाली आणि मोकळी झाल्यावरही ती रुग्णाच्या दारापर्यंत आली नाही.

जर्मन विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतीतून १९८३ साली या विषाणूचा एचपीव्ही १६ हा प्रकार आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही १८ वेगळा केला, पण हाती आला तो विषाणूचा डीएनए. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने हा विषाणू वाढतच नव्हता. रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधायची तर त्यांना चिकटण्यासाठी विषाणूचे प्रथिन मूळ घडणीत हवे, आणि जीवाणूंकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाची घडी बिघडलेली असल्याने निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसत. ही कोंडी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी, आणि पाठोपाठ अमेरिकेत शिलर व लोवी यांच्या गटाने फोडली : विषाणूच्या बाह्य आवरणातले एल१ हे प्रथिन आपोआप जुळून आत डीएनए नसलेले, विषाणूसारखे पोकळ कवच तयार करते, असे दिसून आले. लसही याच कवचातून आली आणि चाचणीही. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी हे कवच चिकटवायचे, त्यावर सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, सोडायचे, धुऊन काढायचे आणि शेवटी उमटणाऱ्या रंगाची तीव्रता मोजायची, एवढेच एलायझा नावाच्या या चाचणीपद्धतीचे काम.

तरुणांवर ही चाचणी वापरून पाहिल्यावर मात्र तिची मर्यादा उघडी पडली. सिएटल येथील विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही १६ चा नवा संसर्ग झालेल्यांपैकी दीड वर्षात सुमारे ६० टक्क्यांच्याच रक्तात प्रतिपिंडे आढळली; पुरुषांमध्ये हे प्रमाण एकूणच आणखी कमी भरते. कारण विषाणूच्या स्वभावातच आहे : तो त्वचेच्या व श्लेष्मल आवरणाच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडून दाह माजवत नाही, म्हणून प्रतिकारशक्तीला त्याची चाहूल नीटशी लागत नाही. शिवाय संसर्ग निवळल्यावरही प्रतिपिंडे बराच काळ टिकू शकतात, त्यामुळे चाचणी होकारार्थी आली तरी संसर्ग आजचा की जुना, हे सांगता येत नाही; आणि लस घेतलेल्यांच्या रक्तात तर त्यांची पातळी नैसर्गिक संसर्गापेक्षा कितीतरी पट चढते.

त्यातच प्रत्येक प्रयोगशाळेची 'होकारार्थी' ठरवण्याची रेषा वेगळी असे. एचपीव्ही १६ साठी जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य, म्हणजे सर्व प्रयोगशाळांनी मोजणी ताडून पाहण्याचा एकच नमुना, निश्चित झाले ते २००९ मध्ये. त्याच वर्षी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ महिलांवरचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एचपीव्ही ओळखण्यासाठी त्यात रक्त नव्हे, तर गर्भाशयमुखाच्या नमुन्यातील डीएनए तपासला होता, हे आपल्याकडच्या चर्चेत अनेकदा निसटते.

रक्तचाचणीची खरी जागा लोकसंख्येच्या पाहणीत आणि लसीच्या मूल्यमापनात राहिली. पुण्यात तयार झालेल्या सर्वाव्हॅक या एचपीव्ही लसीला २०२२ साली मंजुरी मिळाली, तीही मुख्यतः लसीनंतरच्या प्रतिपिंडांच्या मोजणीवर. नागपुरातल्या बावीस वर्षांच्या तरुणीने मात्र हीच चाचणी करून घेतली, तर हातातल्या कागदावरून डॉक्टरांना पुढचा कोणताच उपचार ठरवता येणार नाही.