केस स्टडी (व्यवस्थापन शिक्षण)

एखाद्या उद्योगसंस्थेपुढील निर्णयाचा, वर्गातील चर्चेसाठी लिहिलेला वृत्तांत. तो बहुधा निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबतो. पुढचे विद्यार्थ्याने मांडायचे. ही पद्धत कायद्याच्या वर्गातून आली. कायद्याचे प्राध्यापक क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० पासून हार्वर्डमध्ये न्यायनिवाडे वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने ती उचलली आणि १९२१ मध्ये तिथे एका पादत्राणे कंपनीवर पहिली केस लिहिली गेली.

केस मिळवण्याचे मुख्य मार्ग म्हणजे हार्वर्ड, कॅनडातील आयव्ही बिझनेस स्कूल यांचे प्रकाशन विभाग आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले केस सेंटर. अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन स्कूलने काही केसेस मोफत खुल्या केल्या आहेत. पैसे भरण्याआधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारावे. पुष्कळदा परवाना आधीच घेतलेला असतो.

विकत घेतलेली प्रत सहसा एकाच वाचकापुरती असते. तिची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. केसमागची टीचिंग नोट, म्हणजे ती केस वर्गात कशी शिकवावी याचे टिपण, फक्त शिक्षकांसाठी असते. ती किंवा तयार उत्तरे मिळवून गृहपाठ लिहिणे ही सरळ नक्कल होय, आणि त्यात केसचा उद्देशच बुडतो.

याहून सूक्ष्म चूक पुराव्याच्या बाबतीत होते. केस चर्चेसाठी आहे. तिला प्राथमिक माहितीचा स्रोत किंवा चांगल्या-वाईट व्यवस्थापनाचा दाखला मानू नये, असे हार्वर्डच्या केसवरच छापलेले असते. तरीही प्रबंधांत केसमधले आकडे कंपनीचे अधिकृत आकडे म्हणून सर्रास येतात. प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेली केस कंपनीच्या संमतीने प्रसिद्ध होते, त्यामुळे काही गोष्टी गाळल्या गेल्या असण्याची शक्यता धरून चालावे. काही केसेसमध्ये नावे व आकडे मुद्दाम बदललेले असतात, काही तर पूर्ण काल्पनिक. तशी टीप बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी सापडते. आकडा हवा असेल तर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, आणि संदर्भ देताना केसचे लेखक, वर्ष, प्रकाशक व क्रमांक नोंदवावेत.

विद्यार्थ्याने स्वतः केस लिहायची ठरवली, तर सार्वजनिक कागदपत्रांवरून लिहिणे सोपे पडते. मुलाखती घ्यायच्या असल्यास लेखी संमती आधी घ्यावी. प्रशिक्षणाच्या काळात हाती आलेली अंतर्गत माहिती मात्र परवानगीशिवाय वापरता येत नाही. कंपनीचे नाव बदलले तरी जाणकार वाचक ती ओळखतात.