आभासी यंत्रे व डेटाबेस, लिनक्स सर्व्हरवरील

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र कार्यप्रणाली एकाच वेळी चालाव्यात म्हणून सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला आभासी यंत्र (व्हीएम) म्हणतात. प्रत्यक्ष संगणकावरची कार्यप्रणाली म्हणजे होस्ट, आभासी यंत्रातली ती गेस्ट. प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांची वाटणी करणारा थर म्हणजे हायपरवायझर. लिनक्सवर हे काम आज प्रामुख्याने केव्हीएम (कर्नलमधील, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, हायपरवायझर), क्यूएमू (उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) व लिबव्हर्ट (व्हीएमची व्यवस्था पाहणारे साधन) मिळून करतात. वेब सर्व्हर किंवा चाचणीची यंत्रे अशा रीतीने चालवताना फारशी अडचण येत नाही. डेटाबेसचे तसे नाही. ‘व्यवहार पक्का झाला’ असे डेटाबेस सांगतो ते डिस्कच्या भरवशावर, आणि व्हीएममध्ये त्याला दिसणारी डिस्क ही अनेक थरांच्या साखळीचे केवळ वरचे टोक असते. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत साठवणीला सर्वाधिक जागा दिली आहे.

इतिहास : आभासी यंत्राच्या जनकत्वाबाबत दोन मते आहेत, दोन्ही प्रकल्प आयबीएमचेच. यॉर्कटाउन हाइट्स (न्यूयॉर्क राज्य) येथील संशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्यास ७०४४ या संगणकात फेरफार करून एम४४/४४एक्स ही प्रणाली उभारली गेली. स्मृतीचे पानांत (ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) विभाजन व पानांची अदलाबदल यांवरील महत्त्वाचे प्रयोग तिच्यावर झाले. तिच्यातील ४४एक्स यंत्रे मूळ ७०४४ शी मिळतीजुळती होती, पण हुबेहूब नव्हती. दुसरी प्रणाली सीपी-४०. केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली तिचे काम साधारणतः १९६४ च्या अखेरीस सुरू झाले व १९६७ च्या प्रारंभी ती नियमित वापरात आली. खास बदल केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० वर ती एका वेळी १४ आभासी यंत्रे चालवी आणि प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट स्मृती येई. केवळ कालक्रम पाहिल्यास मान एम४४ कडे जातो. मात्र प्रत्यक्ष यंत्रासाठी लिहिलेली कार्यप्रणाली काहीही न बदलता चालली पाहिजे, ही कसोटी लावली तर सीपी-४० चा दावा अधिक बळकट ठरतो. पुढील व्याख्या याच कसोटीवर उभ्या असल्याने तो येथे ग्राह्य मानला आहे. सीपी-४० मधून सीपी-६७ आणि त्यातून १९७२ मध्ये व्हीएम/३७० निघाले.

जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ही कसोटी सूत्रबद्ध केली. यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा सामान्य प्रोग्रॅमने दिल्यास प्रोसेसरने ती अडवून हायपरवायझरकडे सोपवली पाहिजे, असा तिचा आशय. इंटेलच्या एक्स८६ घराण्याचे प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हते. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा न अडता निसटतात, असे २००० मध्ये दाखवून देण्यात आले. त्यांतली ‘पॉपएफ’ ही आज्ञा बोलकी आहे. गेस्टच्या कर्नलने तिच्याद्वारे व्यत्यय (प्रोसेसरचे चालू काम थांबवणारे संकेत) बंद करू पाहिले, तर प्रोसेसर ना ते बंद करतो, ना तक्रार करतो. आज्ञा गुपचूप वाया जाते आणि व्यत्यय बंद झाले असे समजून कर्नल पुढे जातो. व्हीएमवेअरने (पहिले उत्पादन १९९९) अशा आज्ञा चालू असतानाच भाषांतरित करून ही उणीव भरून काढली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील झेन या हायपरवायझरने (२००३) गेस्टचा कर्नलच बदलला. इंटेलने २००५ च्या अखेरीस व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिल्यावर या खटपटींची गरज उरली नाही. ती सोय गृहीत धरून आवी किविती यांनी क्वुमरानेट या कंपनीत लिहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० या कर्नलात दाखल झाले. डिस्क, नेटवर्क कार्ड इ. उपकरणांची नक्कल करण्यासाठी त्याने फाब्रिस बेलार यांच्या क्यूएमूचा आधार घेतला.

उभारणी : प्रोसेसरच्या माहितीत इंटेलवर ‘व्हीएमएक्स’ किंवा एएमडीवर ‘एसव्हीएम’ हा ध्वज (सोय असल्याची खूण) असावा लागतो. ध्वज नाही, किंवा केव्हीएमची उपकरण-फाइल तयार होत नाही, असे दिसले तर बहुधा बायोसमध्ये सोय बंद असते. तिच्याविना क्यूएमू चालतो, पण प्रत्येक आज्ञेची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करत, आणि डेटाबेससाठी तो वेग निरुपयोगी असतो. डिस्क व नेटवर्क यांसाठी ‘व्हर्टआयओ’ (खास आभासी यंत्रांसाठी बनवलेली) उपकरणे निवडावीत; जुन्या आयडीई डिस्कची किंवा ई१००० कार्डाची नक्कल फार महाग पडते. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट-पासथ्रू’ ठेवल्यास गेस्टला सर्व आज्ञा मिळतात. वेगळ्या पिढीच्या होस्टवर व्हीएम हलवायचे असेल, तर मात्र तो टाळावा.

लिबव्हर्टचे मूळ नेटवर्क १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे पत्ते देते व गेस्टला होस्टच्या आड ठेवते, त्यामुळे बाहेरून डेटाबेसला जोडता येत नाही. त्यासाठी होस्टवर ब्रिज (आभासी स्विच) करून तारेचे नेटवर्क कार्ड त्यात घालतात. वायफाय कार्ड असे ब्रिजमध्ये घालता येत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट अनोळखी मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाच्या) फ्रेम स्वीकारत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल हे डेटाबेस-सॉफ्टवेअर मुळात फक्त स्वतःच्या यंत्रावरून आलेल्या जोडण्यांचे ऐकते. ऐकण्याचा पत्ता व प्रवेशनियमांची फाइल दोन्ही बदलल्याशिवाय ५४३२ हे पोर्ट बाहेरून लागत नाही.

स्मृती : केव्हीएममधील प्रत्येक व्हीएम ही होस्टच्या दृष्टीने एक साधी प्रक्रिया असते. यातच सोय आहे व धोकाही. होस्टची स्मृती संपली की कर्नल सर्वांत मोठी प्रक्रिया शोधून मारतो, आणि ती बहुधा डेटाबेसची व्हीएमच असते. गेस्टच्या नोंदींत याचा मागमूसही सापडत नाही, होस्टच्या कर्नल-नोंदी पाहाव्या लागतात. म्हणून डेटाबेसच्या व्हीएमला दिलेली स्मृती पूर्णपणे राखीव असावी व ‘बलून’ या स्मृती परत घेण्याच्या सोयीद्वारे ती परत मागू नये.

गेस्टला १६ गिगाबाइट दिल्यास पोस्टग्रेस्क्यूएलचे ‘शेअर्ड बफर्स’ (माहितीची पाने ठेवण्याची सामायिक स्मृती) चतुर्थांश, म्हणजे ४ गिगाबाइट ठेवण्याचा प्रघात आहे. मूळ मूल्य अवघे १२८ मेगाबाइट असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाचा बफर याउलट फक्त त्यासाठी वाहिलेल्या यंत्रावर ८० टक्क्यांपर्यंत नेतात, कारण पोस्टग्रेस्क्यूएल कर्नलच्या कॅशेवरही (डिस्कवरील माहिती तात्पुरती ठेवण्याच्या स्मृतीवरही) विसंबते. ४ गिगाबाइट बफरसाठी २ मेगाबाइटची २,०४८ मोठी पाने लागतात. इतर सामायिक स्मृती धरून थोडी जास्त राखावीत. पाने कमी पडल्यास मूळ मांडणीत डेटाबेस काही न बोलता लहान पानांवर सुरू होतो. सक्ती केली तर तो सुरू होण्यासच नकार देतो, आणि तेच बरे.

साठवण : डेटाबेस व्यवहार आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहितो, ‘एफसिंक’ (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोचव, ही विनंती) म्हणतो आणि उत्तर आल्यावरच होकार देतो. ही विनंती गेस्टची फाइल-प्रणाली, व्हर्टआयओ, क्यूएमू, होस्टची फाइल-प्रणाली, कंट्रोलर व डिस्कची स्वतःची कॅशे या वाटेने खाली जाते. मधल्या एकाही थराने ‘झाले’ असे खोटे सांगितले, तर वीज गेल्यावर पक्के म्हटलेले व्यवहार नाहीसे होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे फायली विसंगत होतात.

क्यूएमूची कॅशे-निवड येथे निर्णायक असते. ‘राइटबॅक’ होस्टची कॅशे वापरतो, पण गेस्टची विनंती पुढे पाठवतो. ‘नन’ होस्टची कॅशे पूर्ण टाळतो. विनंती मात्र पुढे जातेच. ‘अनसेफ’ ती सरळ गिळून टाकतो. इन्स्टॉलेशन झटपट उरकते म्हणून काहीजण तो लावतात व नंतर काढायचे राहून जाते. डेटाबेससाठी ‘नन’ पसंत करावा, कारण त्याने एकच माहिती गेस्ट व होस्ट अशा दोन कॅशेत साठत नाही.

साखळी खरे बोलते का, हे मोजून पाहता येते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणून एकामागून एक पक्की लेखनेही सेकंदाला साधारण तेवढीच व्हायला हवीत. पोस्टग्रेस्क्यूएलबरोबर येणाऱ्या एफसिंक-चाचणीने अशा डिस्कवर सेकंदाला हजारो लेखने दाखवली आणि कंट्रोलरच्या कॅशेला बॅटरीचा आधार नसेल, तर कुठला तरी थर खोटे बोलतो आहे. एसएसडीच्या बाबतीत हा आकडा इतका बोलका नसतो. वीज गेल्यावर कॅशे रिकामी करण्यापुरते कपॅसिटर तिच्यात आहेत का, ते उत्पादकाच्या तपशिलात पाहावे.

चूक कळवण्याचा प्रश्नही याच वाटेवरचा. लिखाण फसले तर कर्नल एफसिंकच्या उत्तरात ते एकदा कळवतो, पण ती पाने ‘स्वच्छ’ समजू लागतो. दुसऱ्या एफसिंकला यशाचे उत्तर मिळते, माहिती मात्र डिस्कवर नसते. पोस्टग्रेस्क्यूएल पूर्वी पुन्हा प्रयत्न करून समाधान मानत असे. २०१८ मध्ये हे ध्यानात आल्यावर फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून ते अशा वेळी स्वतःला बंद करते व लॉगवरून पुन्हा उभे राहते.

विरळ वाटपाच्या प्रतिमांत (लागेल तशी जागा घेणाऱ्या डिस्क-फायलींत) हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. होस्टवरील जागा संपली की क्यूएमू सहसा गेस्टला चूक न कळवता व्हीएमच थांबवून ठेवतो. बाहेरून डेटाबेस गोठल्यासारखा दिसतो आणि बंद करून चालू करण्याचा मोह होतो. तो आवरावा. लिबव्हर्टमध्ये व्हीएमची स्थिती ‘पॉज्ड’ दिसत असेल, तर होस्टवर जागा करून व्हीएम पुढे चालू करावी. काहीही न गमावता काम सुरू होते.

प्रतिमेचा प्रकार कच्चा (रॉ), शक्यतो एलव्हीएमच्या (लिनक्समधील डिस्क-विभागणीच्या थराच्या) खंडावर असावा. क्यूकाउ२ ही क्यूएमूची स्वतःच्या प्रकारची प्रतिमा मुळात ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत वाढते, तर पोस्टग्रेस्क्यूएलचे पान ८ व इनोडीबीचे १६ किलोबाइटचे असते. नव्या तुकड्यातील लहान लेखनामागे नोंदतक्त्यांचेही लेखन होते. क्यूकाउ२ वापरायचीच असल्यास जागा आधी भरून घ्यावी. वेगाच्या लोभाने पोस्टग्रेस्क्यूएलचे संपूर्ण-पान-लेखन किंवा इनोडीबीचे दुहेरी लेखन बंद करू नये: वीज जाताना अर्धवट लिहिलेले पान केवळ त्यांच्यामुळेच सावरते.

बॅकअप व प्रती : चालू व्हीएमचा डिस्क-स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणीचे चित्र. त्यातून डेटाबेस सहसा सावरतो, पण माहिती व लॉग दोन वेगळ्या डिस्कवर असतील आणि त्यांचे स्नॅपशॉट काही क्षणांच्या अंतराने घेतले असतील, तर सावरेलच असे नाही. गेस्ट-एजंट (गेस्टमध्ये चालून होस्टच्या सूचना पाळणारा प्रोग्रॅम) बसवून फाइल-प्रणाली क्षणभर गोठवल्यास हा धोका टळतो. तरीही डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने घेतलेला बॅकअप वेगळा असावा आणि तो दुसऱ्या व्हीएममध्ये उतरवून पाहिलेला असावा.

माहितीची निर्देशिका जशीच्या तशी नव्या वितरणाच्या व्हीएममध्ये नेताना ग्लिब्सीची (लिनक्सच्या मूळ सी ग्रंथालयाची) आवृत्ती पाहणे अत्यावश्यक आहे. २०१८ च्या २.२८ मध्ये मजकुराचा वर्णक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाने वाचला की असलेली ओळ सापडत नाही आणि एकमेव असावयाच्या स्तंभात दुसरी नोंद शिरते. मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात. डंप (माहितीची निर्यात) घेऊन भरल्यास ते आपोआप नव्याने बांधले जातात.

व्हीएमची नक्कल करताना मॅक पत्ता बदलतो, पण यंत्र-ओळख व एसएसएचच्या (दूरस्थ प्रवेशाच्या) किल्ल्या तशाच राहतात. काही वितरणे डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) यंत्र-ओळखीवरून बनलेली खूण पाठवतात, त्यामुळे दोन्ही यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळतो आणि जोडण्या आलटून पालटून तुटतात. मायएसक्यूएलची ओळख तर माहितीच्या निर्देशिकेतच ‘ऑटो’ नावाच्या फाइलीत असते. मूळ व नक्कल यांची ओळख एकच राहिल्यास प्रतिकृती-प्रक्रिया (एका सर्व्हरवरील बदल दुसऱ्यावर नेणारी) सुरू होतानाच चूक दाखवून थांबते. ती फाइल काढून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर नवी ओळख तयार होते.