चिनी कर्जाचा आकडा येतो कुठून?

ऑगस्ट २०२१मध्ये झांबियात सत्तापालट झाला आणि हाकाइंडे हिचिलेमा अध्यक्ष झाले. आधीच्या सरकारच्या हिशेबात चीनचं देणं होतं ३.४ अब्ज डॉलर. महिनाभरात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एकेक कर्ज मांडून बेरीज केली, ती ६.६ अब्जांवर गेली. देश आदल्या वर्षीच परकीय कर्जाचे हप्ते चुकवून बसला होता, आणि आपण नक्की किती देणं लागतो हे तिथल्या जनतेला परदेशातल्या एका विद्यापीठाकडून कळत होतं!

एके काळी असे आकडे लपवायची गरजच नव्हती. टांझानिया आणि झांबियाला जोडणारी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे १९७०च्या दशकात चीनने बांधून दिली, ती ९८ कोटी ८० लाख युआनच्या बिनव्याजी कर्जावर. त्याचा तर डांगोराच पिटला गेला. चित्र बदललं १९९४नंतर. त्या वर्षी चायना डेव्हलपमेंट बँक आणि एक्झिम बँक या चीनच्या सरकारी बँका स्थापन झाल्या. मदतीची जागा हळूहळू कर्जाने घेतली, आणि बँक म्हटली की व्यवहार गोपनीय. श्रीमंत देणगीदार देश आपल्या मदतीचा तपशील ओईसीडी या आपल्या आर्थिक सहकार्य संघटनेला कळवतात. चीन त्या गटात नाही. कर्जवसुलीचा एकत्र विचार करणाऱ्या धनको देशांच्या पॅरिस क्लबचाही तो सदस्य नाही. २०११मध्ये चीनने पहिली श्वेतपत्रिका काढली. २००९अखेरपर्यंतची एकूण मदत २५६.२९ अब्ज युआन, असं तीत म्हटलं होतं. कोणत्या देशाला किती, यावर मात्र मौन.

ही पोकळी भरायला एडडेटा पुढे आली. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठातली ही संशोधन प्रयोगशाळा. एप्रिल २०१३मध्ये तिने २००० ते २०११ या काळातल्या आफ्रिकेतल्या चिनी प्रकल्पांची यादी जाहीर केली. बेरीज सुमारे ७५ अब्ज डॉलर. यादीचा मोठा आधार होता बातम्यांचा, आणि टीकेची झोड उठली तीही त्यावरूनच. चीन-आफ्रिका संबंधांच्या जाणकार डेबोरा ब्रॉटिगम यांचा आक्षेप साधा होता: मंत्र्याने विमानतळावर केलेली घोषणा म्हणजे कर्ज नव्हे. करार व्हायचा असतो, मग पैसे सुटायचे असतात, मधेच प्रकल्प बारगळतो. बाजारात तुरी, त्यातलाच प्रकार. माझ्या मते या क्षेत्राला शिस्त लागली ती या भांडणामुळे. ब्रॉटिगम यांच्या गटाने आफ्रिकेला दिलेल्या कर्जांची स्वतःची नोंदवही ठेवली. ती आता बॉस्टन विद्यापीठाकडे आहे. एडडेटानेही पद्धत बदलली. कर्जदार देशांच्या अर्थखात्यांच्या नोंदी, राजपत्रं, चिनी दूतावासांची संकेतस्थळं आणि हाती लागतील ते मूळ करार एकमेकांशी ताडून पाहणं सुरू झालं.

प्रकल्पांची ठिकाणं नकाशावर मांडल्यावर अनपेक्षित गोष्टी दिसू लागल्या. आफ्रिकेतल्या नेत्यांच्या जन्मप्रांतांत, ते सत्तेवर असताना, चिनी पैसा जास्त जातो. जागतिक बँकेच्या पैशात तसा कल आढळला नाही. आपल्याकडच्या मतदारसंघप्रेमाची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही, पण इथे ते आकडेवारीने दाखवलं गेलं.

याच आकड्यांनी ‘कर्जाच्या सापळ्या’ची लोकप्रिय कथाही तपासली. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेलं, तेव्हा ‘कर्जापोटी बंदर बळकावलं’ असं सगळीकडे म्हटलं गेलं. प्रत्यक्षात कंपनीने दिलेले १.१२ अब्ज डॉलर श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेले. बंदराचं कर्ज माफ झालंच नाही, ते फेडायचं तसंच राहिलं.

म्हणजे चीन निर्दोष, असं नव्हे. मार्च २०२१मध्ये चार संस्थांच्या संशोधकांनी २४ देशांशी झालेले १०० करार अभ्यासून प्रसिद्ध केले. त्यांत कडक गोपनीयतेची कलमं होती. बहुतेक करारांत हे कर्ज पॅरिस क्लबच्या सामुदायिक पुनर्रचनेत आणायचं नाही अशी अट होती, आणि काहींत परतफेडीची हमी म्हणून कर्जदाराचं उत्पन्न ठरलेल्या खात्यात ठेवायचं बंधन. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एडडेटाने २००० ते २०१७ या काळातल्या १३,४२७ प्रकल्पांची, ८४३ अब्ज डॉलरची नोंद मांडली. सरकारी ताळेबंदात न दिसणारं देणं तिने सुमारे ३८५ अब्ज धरलं. यातलं बरंच कर्ज सरकारी कंपन्या किंवा खास उभारलेल्या संयुक्त कंपन्यांच्या नावावर, त्यामुळे अर्थखात्याच्या वहीत येत नाही. बुडालं तर मात्र सरकारच्या गळ्यात. २०२३च्या आवृत्तीत काळ २०२१पर्यंत वाढला आणि एकूण आकडा १,३४० अब्ज डॉलरवर गेला.

नोव्हेंबर २०२२मध्ये केनियाच्या नव्या सरकारने मोंबासा-नैरोबी रेल्वेच्या चिनी कर्जाचे काही करार स्वतःच जाहीर केले. रेल्वे धावू लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती. वाद झाला तर निवाडा बीजिंगमधल्या लवादापुढे होईल, हे केनियन वाचकांनी मूळ कागदावर तेव्हा वाचलं.