लेखी युक्तिवादाचं विश्लेषण (वर्गातलं भाषण)

एखादा अग्रलेख, जाहीर पत्र किंवा जुना निबंध घ्यायचा आणि लिहिणाऱ्याने वाचकाला आपल्या बाजूला कसं ओढलंय ते वर्गासमोर उभं राहून उलगडून सांगायचं, म्हणजे हे भाषण. लेखकाचं म्हणणं बरोबर की चूक हा प्रश्न इथे नसतो, तो वादविवाद स्पर्धेतला. नाशिकच्या मुलांना शाळेपासून वक्तृत्वाची सवय असते, 'सन्माननीय व्यासपीठ' पासून शेवटच्या टाळीपर्यंत सगळं पाठ, त्यामुळे कॉलेजात हे भाषण करताना आवाज आधी चढतो आणि समोरचा मजकूर मागेच राहतो, आणि मला वाटतं सगळ्यात आधी सोडायची सवय हीच.

हत्यारं दोन ठिकाणची मिळतात. अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात पटवण्याचे तीन मार्ग सांगितले, एथॉस म्हणजे बोलणाऱ्याची पत, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, लोगॉस म्हणजे तर्क. आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या दर्शनात, प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते), हेतू (कारण), उदाहरण (नियम आणि त्याचा दाखला), उपनय (तो नियम इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) असे युक्तिवादाचे पाच अवयव आहेत (डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, हे ते नेहमीचं उदाहरण). लेखात यातला कुठला अवयव गाळलाय हे शोधलं की अर्धं काम झालं, कारण गाळलेला भाग वाचक स्वतःच मनात भरतो आणि स्वतः भरलेलं त्याला लवकर पटतं.

उदाहरण म्हणून महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मधल्या सुरुवातीच्या ओळी घ्या. 'विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली' अशी साखळी सुरू होते आणि नीती, गती, वित्त करत शूद्र खचण्यापर्यंत पोचते. आधीच्या तुकड्यात जे गेलं तेच पुढच्याचं कारण बनतं, आपल्या अलंकारशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. एकूण पाच कड्या, एकाही कडीला वेगळा पुरावा दिलेला नाही, पण चाल अशी आहे की ऐकणारा एक पायरी उतरला की पुढची आपोआप उतरतो, मध्ये थांबून 'हे कशावरून' विचारायला जागाच नाही. आणि शेवटी सगळ्या अनर्थांचं खापर एकट्या अविद्येवर येतं, म्हणजे विद्येपासून निघालेलं वाक्य तिच्या अभावावर येऊन थांबतं. भाषणात एवढं जरी नीट दाखवलं तरी पाच मिनिटं पुरत नाहीत.

टिळकांचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा १८९७ चा केसरीतला अग्रलेख वेगळ्या जातीचा, तिथे शीर्षकच प्रश्न आहे आणि उत्तर वाचकाच्या तोंडून काढून घेतलंय.

वाचक कोण, हेही सांगावं लागतं. समजा डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीवरचा लेख आहे आणि सुरुवात 'मी शेतकऱ्याचा मुलगा' अशी आहे, तर लासलगावात त्या एका वाक्याने लेखकाची पत तयार होते, पण मुंबईत महाग कांदा घेणाऱ्या बाईला तेच वाक्य 'हा तर एकाच बाजूचा' असं वाटू शकतं. वाक्य तेच, काम वेगळं.

नेहमीच्या चुका म्हणजे लेखाचा सारांश सांगत बसणं, लेखकाच्या चरित्रात निम्मा वेळ घालवणं, आणि 'छान मांडलंय' म्हणून पुढे जाणं. छान कशामुळे, ते सांगायला हवं ना.

खरी अडचण मात्र वेगळीच, ऐकणाऱ्यांच्या हातात मजकूर नसतो. म्हणून दोन-तीनच वाक्यं निवडायची, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची, एकदा सावकाश वाचायची, गप्प राहायचं, आणि मगच त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवायचं. नंतर कोणीतरी विचारतंच, 'पण तुला स्वतःला पटलं का?' त्याचं उत्तर मोकळेपणाने द्यावं, फक्त विश्लेषण संपल्यावर.