नवरदेवाची गाडी आणि खिरीतल्या शेवया

भाच्याचं लग्न भर मे महिन्यात, ग्वाल्हेरला. चिटणीस की गोठमधून वरात निघाली तेव्हा गाडीवर झेंडूच्या माळा, थर्माकोलची अक्षरं आणि हे सगळं धरून ठेवायला डबल टेप. पुढे चार दिवस गाडी उन्हात उभी. माळा गेल्या, अक्षरं गेली, बॉनेटवर आणि मागच्या बंपरवर राहिला धूळ खाऊन काळा पडलेला चिकटा. भावजींनी एनसी थिनर, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पातळ करायचा द्रावक, आणला. बॉनेटवर फडकं फिरवलं, चिकटा निघाला. त्याच फडक्यानं बंपर पुसला, तर चिकट्याबरोबर चंदेरी रंगही फडक्यावर!

“बॉनेटचा रंग कंपनीचा, ओरिजिनल,” भावजी म्हणाले. खरं आहे, पण हे उत्तर नव्हे.

टेपचा गोंद फेविकॉलसारखा वाळत नाही. तो कायम अर्धवट अवस्थेत असतो. दाबला की द्रवासारखा बारीकसारीक खाचांत पसरतो, ओढला की घनासारखा अडून बसतो. आत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात, एकमेकींत गुंतलेल्या, पण गाठी जवळजवळ नाहीत. शिजलेल्या शेवयांचा गोळाच म्हणा ना. दूध ओतलं की शेवया सुट्या होतात. द्रावक हेच करतो.

कंपनीच्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. पण भट्टीत भाजताना त्याच्या साखळ्यांमध्ये पक्क्या रासायनिक गाठी बसतात. हा गोळा नाही, विणलेला स्वेटर आहे. स्वेटर भिजेल, फुगेल, पण विरघळून वाहून जाणार नाही. (थिनर जास्त वेळ राहिला तर क्लिअर कोटही फुगतो आणि चमक जाते, तेव्हा बॉनेट नशिबानं वाचलं.) बंपर मात्र दोन वर्षांपूर्वी ठोकला गेला होता आणि स्वस्तात एनसी रंगानं रंगवून घेतला होता. तो रंग नुसता वाळतो, गाठी बसतच नाहीत. म्हणजे शेवयांवर शेवया, आणि थिनरला दोन्ही सारख्याच.

मग गोंद सुटेल पण रंगाला धक्का लागणार नाही, असं दूध कोणतं? इथे जोएल हिल्डेब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचा मला फार आवडणारा हिशेब येतो. एक घन सेंटिमीटर द्रवातले रेणू एकमेकांपासून पूर्ण सोडवायला किती ज्यूल ऊर्जा लागते ते काढायचं आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. ज्यांचे आकडे जवळ, त्यांचं सहसा जमतं. पाणी सुमारे ४८, अ‍ॅसिटोन २०, रॉकेल १६च्या आसपास, नैसर्गिक रबर साडेसोळा-सतरा. टेपच्या रबरी गोंदावर पाणी हरतं आणि रॉकेल जिंकतं ते यामुळे. अ‍ॅक्रिलिक गोंदाचा (बऱ्याच टेपांत हा असतो) आकडा थोडा वर, म्हणून तिथे रॉकेल रेंगाळतं.

याच गाडीच्या पुढे नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगलेली होती. तिनं काय अडवलं ते बंपरला विचारा. लिंबू चिकट्यावर घासायचा सल्लाही भावजींना कुणीतरी दिलाच होता. रस म्हणजे बहुतेक पाणी, तो काय करणार? काम करेल ती साल! तिच्या तेलात लिमोनीन असतं, आकडा सुमारे १७. संत्र्याच्या सालीत ते आणखी जास्त. फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळून पाहा, बऱ्याचदा फुगा फाटकन फुटतो, कारण लिमोनीन रबरात शिरून ते कमकुवत करतं. आणि हो, हे ‘केमिकल-फ्री’ वगैरे नाही, लिमोनीन हे केमिकलच. चिकट्यावर टूथपेस्ट घासा म्हणणाऱ्यांनी तर बॉनेटपासून लांबच राहावं, टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती ओरखडे पाडते.

आता पद्धत. गाडी सावलीत, बॉनेट गार. रॉकेलचा किंवा संत्र्याच्या तेलाच्या क्लीनरचा बोळा आधी नजरेआडच्या कोपऱ्यात लावून बघायचा, मग चिकट्यावर पाच-दहा मिनिटं नुसता ठेवायचा. साखळ्यांमध्ये शिरायला द्रावकाला वेळ लागतो, जोर लावून तो वेळ वाचत नाही. नंतर प्लास्टिकच्या कार्डानं ढकलायचं, शाम्पूनं धुवायचं. टाळाटाळ मात्र नको. ऊन गोंदातही हळूहळू गाठी पाडतं आणि शेवयांचा स्वेटर होऊ लागतो.

बंपर पुन्हा रंगवायला दिला. पेंटरनं सुरुवातीलाच कडेनं मास्किंग टेप लावली. ही टेप जन्मली तीच मोटारींच्या रंगकामासाठी. दोन रंगांच्या गाड्यांवर रंगारी कागद चिकटवत आणि काढताना रंगही उपटून येई, हे पाहून थ्री-एम या अमेरिकन कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यानं १९२५ साली ती बनवली. भावजींनी मात्र पेंटरला विचारून घेतलं, “ही निघते ना नीट?”