चिमट्यावरून ठरणारे नाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेलापूरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत फिरत होती. माशाचा कल्ला उघडून त्यावरचा तांदळाच्या कणीएवढा, वळवळणारा जीव सुईच्या टोकाने दाखवला होता आणि खाली लिहिले होते, की मासळीत किडे पडले आहेत, खाल्लीत तर ते यकृतात घर करतील. दुसऱ्याच दिवशी गटातल्या दोघांनी सुरमई घेणे बंद केल्याचे जाहीर केले. मी मात्र दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात जाऊन एक सुरमई आणली आणि कल्ले टाकून न देता ते माझ्याकडे द्यावेत, अशी मासे कापणाऱ्या मावशींना विनंती केली.

'किडे पडणे' हा आपल्या भाषेतला प्रयोगच फसवा आहे. जीव कुठून तरी आपोआप 'पडतो', अशी कल्पना त्यात दडलेली आहे. बंद भांड्यातल्या मांसात अळ्या होत नाहीत, त्या उडणाऱ्या माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून येतात, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीने १६६८ साली दाखवून दिले. भाषेला अजून त्याची खबर लागलेली नाही. चित्रफितीतला जीव सडण्यातून आलेला नव्हता. मासा समुद्रात जिवंत असतानाच तो त्याच्या कल्ल्यांवर राहत होता आणि पोशिंदा, म्हणजे ज्याच्यावर तो जगतो तो मासा, मेल्यावर तोही फार काळ तगत नाही, म्हणजे तो वळवळत असेल तर मासळी ताजीच म्हणायची. माणसाच्या शरीरात तो जगू शकत नाही. कच्च्या मासळीतून माणसाला त्रास देणारे कृमी आहेत, पण ते वेगळे, समुद्री मासळीत मुख्यतः गोल कृमींच्या गटातले, आणि आपण सुरमई कच्ची खात नाही.

हा जीव चपट्या कृमींच्या संघातला, मोनोजेनिया या गटातला. मेंढीच्या यकृतातल्या पर्णकृमीला मोठे होण्यासाठी आधी गोगलगाय लागते आणि मग मेंढी. याला एकच मासा पुरतो. अंड्यातून बाहेर आलेली केसाळ अळी पोहत जाऊन माशाला चिकटते आणि तिथेच प्रौढ होते. या फरकावर बोट ठेवून बेल्जियमच्या व्हान बेनेदेन या प्राणिशास्त्रज्ञाने १८५८ साली पर्णकृमींचे एकपोशिंदी आणि बहुपोशिंदी असे दोन भाग पाडले. पुढे रशियाच्या बिखोव्स्कीने १९३७ साली अळीच्या मागच्या टोकावरचे सूक्ष्म आकडे (हुक) मोजून सांगितले, की यांचे नाते पर्णकृमींपेक्षा फीतकृमींशी जवळचे असावे. यांच्या अळीला असे बहुतेकदा १४ किंवा १६ आकडे असतात आणि फीतकृमीच्या भ्रूणाला ६.

कोळी माशाला गळाने धरतो आणि त्याच माशाला हा कृमीही आकड्यांनी धरून असतो. मागच्या टोकाला असलेल्या या पकडीच्या अवयवाला हॅप्टर म्हणतात आणि कृमीच्या ओळखीचा मोठा भाग त्याच्यावर उभा आहे. काहींच्या हॅप्टरवर नुसते आकडे असतात. असे कृमी बहुधा त्वचेवर वा कल्ल्यांवर राहून चिकट स्राव आणि पेशी खातात. दुसऱ्यांच्या हॅप्टरवर चिमट्यांच्या रांगा असतात. ते कल्ल्यांतले रक्त पितात, आणि पचलेल्या रक्ताचा काळपट अवशेष आतड्याच्या फांद्यांत साठत असल्यामुळे आतडे साध्या भिंगातूनही शाई सांडल्यासारखे दिसते. (१९१२ साली ओडनरने या दोन गटांची नावे ठरवली तेव्हा चिमट्यांपेक्षा जननमार्ग आणि आतडे यांना जोडणाऱ्या एका नलिकेवर भर दिला होता. ही नलिका रक्तपायी गटात असते, दुसऱ्यात नसते, पण ती पाहण्यासाठी कृमी रंगवावा लागतो आणि नवशिक्याचे डोळे दुखतात.)

मला या सगळ्यात खिळवून ठेवतो तो चिमटा. माशाच्या प्रत्येक बाजूला कल्ल्यांच्या चार कमानी, प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन रांगा आणि प्रत्येक तंतूवर पानांसारख्या अतिशय पातळ पापुद्र्यांची दाटी असते. तोंडातून आत आलेले पाणी या पापुद्र्यांमधून जवळजवळ अखंड वाहत असते. म्हणजे आपला कृमी भर ओढ्यात, सतत हलणाऱ्या पडद्याला लटकून राहिलेला असतो. त्याच्या चिमट्याला कठीण पट्ट्यांचे दोन जबडे असतात आणि ते बिजागरीवर जोडलेले असतात. काही प्रजातींत (जीनसमध्ये) शरीरातून आलेल्या स्नायूची दोरी चिमट्याच्या बुडाशी असलेल्या खाचेतून वळण घेऊन जबड्यापर्यंत जाते. विहिरीवरच्या कप्पीवरून दोर जातो तशी. स्नायू ओढला की जबडे पापुद्र्यावर मिटतात, आणि जोर लावणारा स्नायू चिमट्यात मावायची गरज नसल्यामुळे चिमटा लहान राहूनही पकड भक्कम राहते. डिक्लिडोफोरा प्रजातीत युक्ती वेगळी आहे. तिथे जबड्यांच्या आतला एक पडदा स्नायूंनी खेचला जातो, पोकळी मोठी होते आणि पापुद्रा शोषून धरला जातो. इंग्लंडमधील जॅक लेवेलिन यांनी १९५० च्या दशकात कृमी कल्ल्यावरून सोडवून न घेता, तो जिथे आणि जसा धरून बसला आहे तिथेच त्याचा अभ्यास करून हे उलगडले. त्याआधीचे बहुतेक वर्णनकार कृमी काचपट्टीवर सपाट दाबून त्याचे चित्र काढत आणि चिमट्याचा आकार नोंदवत, पण चिमटा काय करतो हा प्रश्न मागेच राही.

लेवेलिन यांच्या पद्धतीमुळे एक मोठा सापळाही उघड झाला. कृमीचे मागचे टोक पाण्याच्या उगमाकडे आणि तोंड प्रवाहाच्या दिशेला असते, आणि तो तंतूच्या एका अंगाला बसलेला असतो. साहजिकच त्याच्या शरीराची एक कड पापुद्र्यांना जवळ आणि दुसरी लांब पडते. आपल्याकडच्या काटबांगड्याचा युरोपीय नातलग असलेल्या ट्रॅक्युरस माशावर गॅस्ट्रोकोटिले नावाचा कृमी राहतो. त्याला चिमटे एकाच बाजूला असतात, काहींना डाव्या तर काहींना उजव्या, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे. ज्याला हे ठाऊक नाही असा माणूस दोन बाटल्यांतले दोन नमुने पाहून निःशंकपणे दोन जाती जाहीर करील.

दुसरा सापळा वयाचा. मायक्रोकोटिलिडी कुलातल्या कृमींना वाढताना नवे चिमटे फुटत राहतात, त्यामुळे पिल्लाच्या आणि प्रौढाच्या चिमट्यांची संख्या एक नसते. तिसरा सापळा काचेचा, कारण आच्छादन-काच जोराने दाबली तर शरीर रुंद होते आणि मापे बदलतात. 'नवी जात सापडली' ही बातमी वर्तमानपत्रात वाचली की मी आधी दोन गोष्टी शोधतो, नमुने किती होते आणि मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे. एक-दोन नमुने आणि रेखाचित्र एवढ्यावर बेतलेली नावे पुढे अनेकदा टिकत नाहीत. सुरमईच्या कुळातल्या माशांवरचा प्रायसिया मल्टी हा कृमी मात्र बी. एस. चौहान यांनी १९४५ साली वर्णिला आणि ते नाव आजही चालते.

आपल्याकडे 'प्रजाती' हा शब्द कुणी जीनससाठी, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहासाठी वापरतो, कुणी स्पीशीजसाठी. पाठ्यपुस्तकांनीच घातलेला हा घोळ आहे. मी इथे पहिल्याला प्रजाती आणि दुसऱ्याला जाती म्हणतो.

डीएनएने हे सगळे प्रश्न सुटले, असे म्हणणाऱ्यांचा उत्साह थोडा आवरायला हवा. निओबेनेडेनिया मेलेनी या कृमीचे मूळ वर्णन १९२७ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील माशांवरून झाले होते. १९९६ मध्ये निओबेनेडेनिया गिरेली ही जात तिच्यातच विलीन करण्यात आली, कारण आकारावरून दोन्ही वेगळ्या काढता येत नव्हत्या. परिणामी शंभराहून अधिक जातींच्या माशांवर राहणारा एकच विलक्षण कृमी तयार झाला. २०१८ साली डीएनएच्या तुलनेतून गिरेलीला तिचे नाव परत मिळाले आणि मत्स्यशेतीतल्या नुकसानीचा मोठा दोष तिच्याकडे गेला. पण डीएनए कोणाचा, हे सांगायला शेवटी काचपट्टीवरचा कृमीच लागतो. फॉर्मॅलिनमधल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए क्वचितच मिळतो, म्हणून आता कृमीचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी राखतात आणि उरलेला भाग कार्माइन या लाल रंगाने रंगवून, लवंगेच्या तेलात पारदर्शक करून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवतात. दातदुखीचे तेल इथेही कामाला येते.

माझ्या सुरमईच्या कल्ल्यांत तीन कृमी मिळाले. काळसर आतडे स्पष्ट होते आणि चिमट्यांच्या दोन रांगाही दिसत होत्या. एकाच्या दोन रांगांतली संख्या समान नव्हती, आणि तो कल्ला डावा होता की उजवा, हे सांगायला आता काहीच मार्ग नव्हता, कारण सगळे कल्ले एकाच पिशवीत आले होते. पुढच्या रविवारी मी मावशींना डावे कल्ले एका पिशवीत आणि उजवे दुसऱ्या पिशवीत बांधून द्यायला सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि घरात मांजरे दोन आहेत का, एवढेच विचारले.